दर्याआबांची मुंबई

दर्याआबा मुंबईच्या रस्त्यांतून बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवत चालत. खांद्याएवढी काठी, तिच्या टोकाला सुतळीने बांधलेली पितळी घंटा आणि मागे आमच्या जळगाव भागातली दहा-पंधरा बाया-माणसे. बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडले की ते काठी एकदा फरशीवर आपटत आणि सांगत, "डोळे कुठंबी जाऊ द्या. कान तेवढा घंटेकडे ठेवा." त्या गर्दीत त्यांचे एकही माणूस हरवले नाही असे म्हणतात. मी त्यांच्याबरोबर दोनदाच गेलो, तेवढ्यापुरते मी खात्रीने सांगू शकतो.

मुंबईचे लोक हसत. एकदा ट्रामच्या कंडक्टरने विचारले, "काय बाबा, बैल कुठे हरवला?"

आबा शांतपणे म्हणाले, "हरवना नही रे भो. मांगे येई राहिनात बठ्ठा. तिकिटं फाडाले लाग."

मागचे सगळे बैल खदखदून हसले. त्यांत मीही होतो.

त्यांचे खरे नाव सातबाऱ्यावर असेल, गावात ते कोणी घेत नसे. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात त्यांची कपाशीची जमीन होती. तरुणपणी एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठींबरोबर ते मुंबईला गेले, तिथे त्यांनी समुद्र पाहिला आणि परत येऊन पारावर सांगितले की त्या पाण्याला पलीकडचा काठ नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. तापीला पूर आला तरी पलीकडची झाडे दिसतात. काठच नाही असे पाणी कसे असेल? तेव्हा आबांनी त्यांतल्या चौघांना गाडीत घातले आणि नेऊन दाखवले. ही ऐकीव हकीकत आहे. पण तेव्हापासून दर हिवाळ्यात कापूस विकून झाला की आबा एक टोळी घेऊन जात. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर मुंबई पाहायची, रात्रीच्या गाडीने परत. याचा त्यांनी धंदा केला नाही. आपले तिकीट ते आपणच काढत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे लग्न व्हायचे होते. जळगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर मी नुकताच लागलो होतो. तेव्हाची एक गोष्ट पक्की लक्षात आहे. वाळकेश्वरचा चढ चढताना आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने धापा टाकत विचारले, "आबा, किती राहिलं?" असे विचारले की सगळे जण सांगतात, हे काय, आलंच. आबांनी वर पाहिले, खाली पाहिले आणि सांगितले, "आतापावेतो चाललो तेवढंच अजून शे." म्हातारा मटकन खाली बसला. एकाने आबांना दटावले, "खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? बिचारा चालला असता." आबा म्हणाले, "खोटं सांगून चालवलं तर मानूस दर वळणावर थकस. खरं सांगितलं तर एकदाच थकस." म्हातारा थोड्या वेळाने उठला आणि वरपर्यंत गेला.

चौपाटीवर त्यांचा आणखी एक नेम होता. प्रत्येकाने पाण्यात बोट बुडवून ते चाटायचे. बायका तोंडे वाकडी करत, पुरुष थुंकत. "थुंका, पण चाखा," आबा म्हणत. "गावात इचारतील. ऐकलं म्हणू नका, चाखलं म्हणा." राजाबाईचा टॉवर दाखवताना ते आमच्या जिनिंगच्या धुराड्यावर धुराडे चढवून त्याची उंची समजावत. दुपारची शिदोरी राणीच्या बागेत हत्तीसमोर बसून सोडायची. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हत्ती खातो आणि आपणही खातो, म्हणजे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो तो मुंबई पाहायला नव्हे. माझी पत्नी सुभद्रा हिच्या पोटात दुखत असे. जळगावच्या डॉक्टरांना पोट चाचपताना गाठ लागली. त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. मला मुंबईची फारशी माहिती नव्हती. आबांना विचारले तर कपाशीची वेचणी मुलांवर टाकून ते निघाले. काठी आणि घंटा बरोबर होतीच. इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात ते घंटा मुठीत घट्ट धरून चालत, म्हणजे वाजणार नाही.

तपासणीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. गाठ पसरली आहे, कापून उपयोग नाही, पावसाळा त्या पाहतील असे वाटत नाही, असे त्यांनी सांगितले. मी ऐकले. त्यांच्या मेजावर काचेचा एक वजनी ठोकळा कागदांवर ठेवलेला होता, तो साधारण किती तोळ्यांचा असेल याचा मी अंदाज करत होतो. त्यापलीकडे मला काही वाटत नव्हते.

बाहेर येऊन मी आबांना सांगितले आणि वर म्हणालो, "हिला कळू द्यायचं नाही. दादांनी निघतानाच बजावलं आहे. वाईट निघालं तर बाईमाणसाच्या कानावर घालू नका म्हणून."

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. आमचे घर एकत्र होते आणि घरात त्यांचा शब्द चाले.

"मंग तिले काय सांगशीन?" आबांनी विचारले.

"औषध दिलंय, वर्षभरात उतार पडेल असं."

"आणि शांतीचं लगीन?"

शांता ही आमची एकुलती मुलगी. धुळ्याच्या घराण्यात तिचे जमले होते आणि लग्न येत्या माघात व्हायचे होते. पण आईला हिंडता-फिरता यावे म्हणून दादांनी ते पुढच्या वर्षावर टाकले होते. सुभद्रेनेही होकार दिला होता. पुढच्या वर्षी आपण मांडवात धावपळ करू असे ती धरून चालली होती.

आबांनी घंटेवरची मूठ आवळली. मग म्हणाले, "तुले सांगाचं ते तू सांग. तुमचं घर, तुमची रीत. पण माले तिच्याजवळ एकटं नको सोडू. तिनं इचारलं तर माझ्याच्यानं खोटं बोलवणार नही."

गाडी रात्रीची होती. दिवस मोकळा होता. सुभद्रेचा चेहरा उतरलेला होता, पण ती चालत होती. आबा तिला म्हणाले, "माय, मुंबईले उनी आणि दवाखानाच दखीसन जाशी का? चाल, तुले मुंबई दखाडतो." ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

तो सगळा दिवस मी त्या दोघांच्या मध्ये राहिलो. ट्राममध्ये मध्ये बसलो. राणीच्या बागेत ती पिंजऱ्याशी थांबली तर मी थांबलो, आबा पुढे गेले तर मी तिला घेऊन मागे राहिलो. प्यायचे पाणी आणायला मला जावे लागले तेव्हा नळापासून मी दोघांकडे पाहत होतो, आणि लोटा अर्धा भरताच परत आलो.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "तिथं पाण्याचा दुष्काळ आहे का?"

"गर्दी होती," मी सांगितले. नळावर कोणी नव्हते. आबा हत्तीकडे पाहत होते.

महालक्ष्मीला तिने देवीपुढे बराच वेळ डोळे मिटून हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाली, "पुढच्या साली शांतीला आणि जावयाला घेऊन येऊ. आबा, तेव्हा तुम्हीच आणा बरं का." आबा काही बोलले नाहीत. एरवी कोणाच्याही बोलण्याला उत्तर देणारा माणूस. तिने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. मी घाईने म्हणालो, "चला, ऊन चढतंय."

चौपाटीवर आलो तेव्हा दुपार कलली होती. सुभद्रेने पिशवीतून ओटीचे सामान काढले. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळद-कुंकू. आमच्याकडच्या बायका पहिल्यांदा तापी ओलांडतात तेव्हा तिची ओटी भरतात आणि नारळ पाण्यात सोडतात. तो दिसेनासा झाला की मागे फिरायचे. जळगावहून निघतानाच तिने हे समुद्रासाठी बांधून घेतले होते. मला ते माहीत नव्हते.

ती घोटाभर पाण्यात गेली, हळद-कुंकू वाहिले आणि खणासकट नारळ सोडला. लाट आली आणि नारळ तिच्या पायाशी आणून टाकला. तिने तो उचलून थोडे पुढे जाऊन सोडला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी घेतला आणि जोर करून लांब फेकला. आम्ही तिघे पाहत उभे राहिलो. नारळ लाटांवर वर-खाली होत सावकाश परत आला, आणि मागून ओला खणही आला. जवळ बसलेला एक भेळवाला हसत होता.

सुभद्रा पाण्यातून बाहेर येऊन वाळूत बसली. "ओटी घेत नाही," म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

आबांनी नारळ उचलला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "तसं नही, माय. हाई नदी नही. नदी एका अंगाले वाहते. हे पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. आज अष्टमी शे. आज सांजपावेतो ते आतच येणार. येणाऱ्या पाण्यात कुणीबी टाकलं तरी परत येस. पहिल्या टोळीच्या बायांचे नारळ असेच परत उनात, बठ्ठ्या रडल्या. तव्हापासून मी लोकांना पुनवेच्या सुमारास आणतो. पुनवेला दुपारनंतर पाणी जातं, नारळ घेऊन जातं. लोकांना वाटतं आबा पुनव पाळतो. हाई तुझ्यावरचा कौल नही. आपली तिथी चुकली एवढंच."

तिने हे नीट ऐकून घेतले. आबा पुनवेलाच का नेतात हे इतक्या वर्षांत मलाही माहीत नव्हते. मला हायसे वाटले. आता उठू या, असे मी म्हणणार होतो.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नाही असं सगळा गाव म्हणतो."

"नही बोलत."

"मग एवढं खरं सांगितलंत तसं ते पण सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

मी मध्ये बोललो, "तुला सांगितलं ना, औषध..."

"तुम्हाला नाही विचारलं."

आबांनी माझ्याकडे पाहिले. "तू सांगतो का?" त्यांनी विचारले. मी त्यांना मानेने नको म्हटले. मग त्यांनी तिच्याकडे तोंड केले. "गाठ पसरनी शे, माय. कापून उपयोग नही म्हणे."

"मग किती?"

"पावसाळ्याच्या आत म्हणे."

"पुढचं साल?"

"नही, माय."

भेळवाला कोणाला तरी हाक मारत होता. पाणी आमच्या जवळ आले होते, म्हणून आबांनी तिच्या वहाणा उचलून वर ठेवल्या. ती रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "तुम्हाला सकाळीच कळलं?"

"हो."

"आणि दादा शांतीचं लग्न पुढच्या साली करणार होते, ते माझ्याविना?"

मी पाण्याकडे पाहू लागलो.

तिने आबांच्या हातातला नारळ घेतला, पदराने पुसला आणि पिशवीत घातला. खण पिळून वाळूवर पसरला. मग म्हणाली, "लग्न ह्याच माघात करायचं. घरी पोचल्याबरोबर धुळ्याला निरोप धाडा. आबा, भूक लागली. दशमी आहे का?"

आबांनी शिदोरी सोडली. तिने एक दशमी चटणीशी खाल्ली. खाऊन झाल्यावर तिने विचारले, "अजून काय राहिलं दाखवायचं?" आबांनी पालवा बंदर आणि तिथली मोठी कमान राहिल्याचे सांगितले. "मग चला," ती म्हणाली.

आम्ही गेलो. ट्रामने गेलो की चालत, मला आठवत नाही. त्या कमानीला किती दरवाजे आहेत ते कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. एरवी अशी गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. सुभद्रेला मात्र सगळे आठवत होते. बंदरातल्या बोटींचे रंग, कमानीवरची कबुतरे, चणेवाल्याच्या टोपलीवरचे फडके. पुढे अंथरुणावर पडल्या-पडल्या ती शांतेला हे सगळे सांगत असे, आणि शेजारच्या खोलीत बसून ते मी जणू पहिल्यांदाच ऐकत असे.

परतीच्या गाडीत मी आबांशी एक शब्दही बोललो नाही. जळगावला उतरल्यावर त्यांनी मला राम राम घातला. मी मान हलवली.

दादांना कळले तेव्हा ते संतापले. "त्या घंटावाल्याला कोणी पंचायत सांगितली होती? बाईच्या हातात मरणाची तारीख दिली त्यानं," असे ते ओसरीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. आबांबरोबर मुंबईला जाऊ नका, असेही त्यांनी चार ठिकाणी सांगितले. त्या वर्षी आबांची टोळी निघाली नाही. कारण तेच होते की दुसरे, हे मी चौकशी करून पाहिलेले नाही.

सुभद्रा दादांसमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी ती माजघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, तुमचा राग झाला की धुळ्याला माणूस धाडा." दुसऱ्या दिवशी माणूस गेला.

माघात लग्न लागले. सुभद्रा मांडवात बाजेवर बसून होती. तिने कोणाला उसंत दिली नाही. आचाऱ्याला डाळीत पाणी जास्त झाले म्हणून सुनावले, विहिणीच्या पातळाची घडी स्वतः पाहिली, वरातीच्या घोड्याला पाणी दाखवले का ते विचारले. अक्षता टाकताना तिने हात इतका वर नेला की मला तो धरावा लागला. शांता निघाली तेव्हा घरातल्या सगळ्या बायका रडल्या. सुभद्रा तिला म्हणाली, "जा. उशीर करू नको. धुळ्याचा रस्ता लांब आहे."

आबांना लग्नाचे आमंत्रण नव्हते. दादांनी दिले नाही आणि मी आग्रह धरला नाही.

जेठात सुभद्रा गेली. पाऊस अजून यायचा होता.

आबा दहाव्याला नदीवर आले होते. लांब उभे होते, काठीशिवाय. मी त्यांना पाहिले. दादा जवळ होते, म्हणून ते पुढे आले नसावेत. त्यानंतर मधली काही वर्षे आमची भेट नव्हती. लढाई सुरू झाली, गाड्यांत पलटणींची गर्दी वाढली आणि मुंबईच्या टोळ्या आपोआप बंद पडल्या. पिंप्राळ्याचा कोणी जिनिंगमध्ये कापूस घेऊन आला की मी आबांची खुशाली विचारी. थकले आहेत, ओट्यावर बसून असतात, असे कळे.

लढाई संपली त्या साली दादा वारले. त्यानंतर एका संध्याकाळी मी पिंप्राळ्याला गेलो. आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. डोळ्यांना कमी दिसत होते, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखले. सुनेला हाक मारून चहा सांगितला. शांतेची विचारपूस केली. तिला दोन मुले असल्याचे मी सांगितले. कपाशीचा भाव विचारला, तोही सांगितला. चहा झाला.

कप खाली ठेवताना आबा म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा."

"माय त्यानंतर सहा महिने होती. माझ्याबद्दल काही बोलली का?"

मी आठवून पाहिले. ते सहा महिने मी नीट आठवून पाहिले. ती शांतेबद्दल बोलली, मुंबईबद्दल बोलली, माझ्या जेवणाबद्दल बोलली, शेजारणीच्या उसन्या घेतलेल्या पाट्याबद्दलसुद्धा बोलली. आबांबद्दल चांगले किंवा वाईट तिने काही म्हटल्याचे मला आठवले नाही. समोर म्हातारा माणूस मान पुढे काढून बसला होता. तुमची आठवण काढायची, तुमचे उपकार मानायची, असे काहीतरी म्हणणे अगदी सोपे होते. ते खोटे उघडे पडण्याची भीतीही नव्हती, कारण खरे काय ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हते.

"नाही आबा," मी म्हणालो. "काही बोलली नाही."

"काहीच नही?"

"काहीच नाही."

आबांनी तोंड रस्त्याकडे वळवले. मग त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली आणि म्हणाले, "बरं झालं, सांगितलं."

मी उठलो. निरोप घेताना त्यांचा हात हातात घेतला. तो थंड होता. मी गल्लीच्या वळणापर्यंत आलो तोवर सुनेने दिवा लावला होता आणि आबा तिला विचारत होते, पाहुणे पार गेले का. "अजून वळणावर उभे शेतस," ती म्हणाली.